मदत हवी आहे: घटपर्णीची नवी पानं वाकडी येताहेत, घट धरत नाहीत

नमस्कार मंडळी, मी जळगावहून. दीड वर्षापूर्वी नर्सरीतून घटपर्णी (पानाच्या टोकाला येणाऱ्या घटासारख्या पिशवीत किडे पकडणारं झाड) आणली. पावसाळा-हिवाळ्यात छान होती, सात घट लागले होते. एप्रिलपासून बिघडलं. आमच्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, हवा एकदम कोरडी.

आता पानाच्या टोकाचा दोरा निघतो, त्याला बोंडासारखा फुगवटा येतो आणि तो तसाच काळा पडून वाळतो. हे कोरड्या हवेमुळे असावं, एवढं कळतं. खालची जुनी पानं पिवळी पडतात, त्याचीही काळजी नाही, वय झालं की ती जातातच.

खरी काळजी नव्या पानांची आहे. गेली तीन पानं आखूड, मुरडलेली आणि तांबूस ठिपक्यांची आली. भिंगातून पाहिलं, जाळी दिसली नाही, म्हणून लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) नसावा. मग फुलकिडे? कपाशीवर ते पाहिलेत, पण इथे पानाच्या बेचक्यात काही सापडत नाही.

दुसरी शंका पाण्याची. मार्चमध्ये आरओ बंद पडला, तेव्हा महिनाभर बोअरचं पाणी घातलं. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६५० आहे. हे झाड मुळात क्षारहीन, निकस मातीतलं, त्यामुळे चूक माझीच, मान्य. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांचं मिश्रण आहे, खत कधीच घातलं नाही.

आता काय करू? आरओच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढू, की या उन्हात मिश्रण बदलायची जोखीम घेऊ? कडुनिंबाचं तेल या पानांना सोसतं का? खानदेश-विदर्भात कुणी उन्हाळा काढला असेल तर जरूर सांगा. शेंडा अजून हिरवा आहे.