रोजगार मेळाव्याआधीची 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' कार्यशाळा बंद करा

फळा_खडू
आमच्या विद्यापीठात लवकरच रोजगार मेळावा आहे. मी संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षीप्रमाणे मेळाव्याआधी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सक्तीची कार्यशाळा. बाहेरून ट्रेनर येतात, टायची गाठ शिकवतात, हात कसा मिळवायचा ते दाखवतात आणि इंग्रजीतली स्वतःची ओळख घोकून घेतात. मग स्टॉलवर एकामागून एक पोरं तेच म्हणतात, 'आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड क्विक लर्नर.' ट्रेनर एकच, त्यामुळे चुकाही सगळ्यांच्या सारख्याच.

माझं मत स्पष्ट आहे. ही कार्यशाळा रद्द करावी आणि त्या वेळात पोरांना घेऊन कंपन्यांची यादी वाचावी. पदं बहुतेक वेळा आधी जाहीर होतात, पण ती वाचून येणारे फार थोडे. बॅनर मोठ्या कारखान्याचा असतो आणि टेबलामागे बसलेला माणूस मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचा. पेरोल कोणाचा (म्हणजे पगार कंपनी देणार की ठेकेदार), अप्रेंटिस की ट्रेनी, काम वाळूजला की चाकणला, रात्रपाळीला बस आहे का, हातात किती येणार, हे विचारता आलं तर मेळावा कामाचा. नाहीतर नुसती रेझ्युमेच्या झेरॉक्सची होळी.

टेबलापलीकडची
सर, अर्धं पटलं. मी औषधनिर्माण क्षेत्रात भरती करते, मेळाव्यात दुसऱ्या बाजूला बसते. रांग दारापर्यंत गेली की एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात पोराला बोलता आलं नाही, तर त्याने यादी वाचली होती की नाही हे मला कळणार कसं?

टायचं मला काहीही देणंघेणं नाही. इंग्रजीचंही फारसं नाही, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमधल्या जागेसाठी मी सरळ मराठीत विचारते. पण रेझ्युमेत 'एचपीएलसी' (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लिहिलंय आणि 'तू स्वतः चालवलंस का?' म्हटल्यावर पोरगं खाली बघतं. 'नाही मॅडम, सरांनी चालवलं, आम्ही लांबून बघितलं,' एवढं खरं सांगितलं तरी मी पुढचा प्रश्न विचारेन. पीएच मीटर कॅलिब्रेट कसा करतात, बफर कोणते वापरले, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीत फरक काय. हे तुम्हीच शिकवलेलं असतं, पण तोंडातून बाहेर येत नाही. बोलायचा सराव हवाच. ट्रेनर बदला, कार्यशाळा कशाला बंद करता?

एसवायचा_भाऊ
यादी वाचा, प्रश्न विचारा, हे प्राध्यापकांना सोपं आहे. गेल्या मेळाव्यात मी एका स्टॉलवर 'पेरोल कोणाचा?' एवढंच विचारलं. समोरचे म्हणाले, 'आधी सिलेक्ट तर हो.' माझा रेझ्युमे गठ्ठ्यात सगळ्यात खाली गेला, माझ्या डोळ्यांदेखत. गरज आम्हाला आहे, त्यांना नाही.

फळा_खडू
@एसवायचा_भाऊ, असा स्टॉल दोन मिनिटांत ओळखू आला हा तोटा कसा? तिथे निवड झाली असती तर हीच गोष्ट तुला पहिल्या पगाराला कळली असती.

आणि पगाराचं गणित कोणतीच कार्यशाळा शिकवत नाही, म्हणून इथे मांडतो. मूळ वेतन १५,००० आहे, भत्ते काही नाहीत असं धरा. तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का, साधारण ११३. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १२,८८७. त्यावर कंपनीचा पीएफ आणि ईएसआयचा हिस्सा चढवला की तीच नोकरी 'सीटीसी १७,४००' (सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) म्हणून फलकावर झळकते. गावाहून आलेलं पोरगं सतरा हजार धरून खोली बघतं.

टेबलापलीकडची
एक दुरुस्ती. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या मुलींना व्यवसाय कर नाही, तेवढे २०० वाचतात. बाकी हिशेब बरोबर.

@एसवायचा_भाऊ, प्रश्न विचारल्याचा मला राग येत नाही, पण पहिलाच प्रश्न तो असेल तर पोराला कामाबद्दल काही विचारायचंच नाही असं वाटतं. आधी कामाचं विचार, 'पहिले सहा महिने नेमकं काय करावं लागेल?' त्याच्या उत्तरात पेरोल, पाळी, ठिकाण यातलं निम्मं आपसूक येतं. उरलेलं शेवटी विचार.

जुना_उमेदवार
कशाला एवढा खल? मेळावा आकड्यांसाठी असतो. संध्याकाळी 'प्राथमिक निवड' झालेल्यांची संख्या जाहीर होते, फोटो निघतात, पुढे फोन येत नाही. त्यापेक्षा तो दिवस अभ्यासिकेत घालवा, पोलीस भरतीची तरी तयारी होईल.

फळा_खडू
अभ्यासिकेत किती वर्षं जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे, मला बोलायला लावू नका.

शिकाऊ_नंबर_एक
अप्रेंटिसचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो. मेळाव्यात पदवीधरांसाठी मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट तीच, आणि पोरं तिलाच नाक मुरडतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे ती जागा नुसती दिखाव्याची नसते. पदवीधरांसाठी नॅट्स हे केंद्राचं अप्रेंटिसशिपचं पोर्टल आहे, किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं. नोंदणी घरूनच करून जा, मेळाव्याच्या दिवशी तिथलं नेट कधी चालत नाही.

पण डोळे उघडे ठेवून. अप्रेंटिसला पीएफ नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करायची सक्ती कंपनीवर नाही. तोंडी 'नंतर घेऊच' म्हणणाऱ्याला 'मागच्या बॅचमधले किती घेतले?' एवढंच विचारायचं. करार पोर्टलवर चढणार का, हेही. नुसतं 'ट्रेनी' म्हणून कोऱ्या कागदावर सही मागत असतील तर पुढच्या स्टॉलवर जा.

एसवायचा_भाऊ
'मागच्या बॅचमधले किती घेतले' हे बरं आहे, ते विचारल्यावर कोणी चिडणार नाही. तरी टेबलवाल्या मॅडमसारखी माणसं थोडीच. बऱ्याच ठिकाणी मार्कशीट बघतात, एटीकेटी दिसली की विषय संपला.

सर, एक विचारतो. कार्यशाळा रद्द होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. मग त्यातला एक तास तुम्ही मागून घ्या ना. तुम्ही समोर बसा, आम्ही मराठीत आमचा प्रोजेक्ट सांगतो.

फळा_खडू
एक तास मागतो. प्राचार्य ट्रेनरचं मानधन आधीच देऊन बसलेत, त्यामुळे ट्रेनर मागच्या बाकावर बसेल. @टेबलापलीकडची, बफरवाल्या प्रश्नांसारखे आणखी पाच-सात इथे टाकाल का? मायक्रोबायोलॉजीवाल्यांसाठीही हवेत.

टेबलापलीकडची
रविवारी टाकते. पण सर, मत बदललेलं नाही, त्यांना उभं करून बोलायला लावा. स्टॉलवर खुर्ची नसते.