साच्यात ओतलेल्या भांड्यावरची नक्षी वरून चिकटवल्यासारखी दिसते. काय करावं?

निळाई:
बरीच वर्षं चाकावर काम केल्यानंतर मी स्लिप कास्टिंगकडे, म्हणजे पातळ माती (स्लिप) प्लास्टरच्या साच्यात ओतून भांडं घडवण्याकडे वळले. आकार तोच राहिला तर सगळं लक्ष नक्षीवर देता येईल, एवढाच विचार होता. उंच मानेच्या बाटलीचा दोन भागांचा साचा केला. बाटली ओतायची, बिस्क (पहिली भाजणी) करायची, अंडरग्लेझने (ग्लेझखालच्या रंगाने) वेल आणि पक्षी रंगवायचे, वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप. हात बसला, रेषा सुधारली. पण अलीकडच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र वेगळं आणि भांडं वेगळं दिसतं. तेच चित्र कागदावरही चाललं असतं. चाकाकडे परत जायचं नाही, या कामात माझा जीव रमतो. साचा न बदलता पुढे कसं जाऊ?

मातीमित्र:
साचा राहू द्या, रंगवायची वेळ बदला. बिस्कनंतर न रंगवता साच्याच्या आतच रंगवा. तुमच्याच कास्टिंग स्लिपमध्ये स्टेन (रंगाची पूड) मिसळून रंग करा, म्हणजे आकुंचन सारखं होतं आणि थर सुटत नाही. साच्याचे दोन्ही अर्धे आतून रंगवायचे, जोडून पट्ट्याने आवळायचे आणि स्लिप ओतायची. नक्षी भिंतीतच मुरून बाहेर येते. हात फिरवला तरी कड लागत नाही.

इथे सगळा क्रम उलटा. प्लास्टरला टेकलेला थर शेवटी बाहेर दिसतो, म्हणून पक्ष्याचा डोळा आधी, मग पंखांच्या रेषा, आणि अंगाचा रंग सर्वांत शेवटी, त्या सगळ्यावरून. डावं-उजवंही उलटतं, अक्षरं असतील तर आरशातली लिहावी लागतात. शिवाय प्लास्टर पाणी झटकन ओढतं. ब्रश अडतो, लांब वळणदार रेषा निघतच नाही. तुमची सुधारलेली रेषा इथे चालायची नाही, आणि मला वाटतं तुम्हाला नेमकं तेच हवंय. अडत अडत आलेली तुटक, जाडसर रेषा त्या साच्यातूनच येऊ शकते, कागदावर नाही.

वेळेचं मात्र सांभाळा. रंगाची चकाकी गेली की ओता. थर पूर्ण सुकला तर पापुद्रे सुटून स्लिपमध्ये जातात. कोरड्याठाक साच्यापेक्षा किंचित ओलसर साचा बरा, थोडा जास्त वेळ मिळतो. दोन्ही अर्धे आलटून पालटून रंगवा. ओतताना धार मधोमध सोडा, भिंतीवर पडली तर चित्र धुऊन नेते.

भट्टीकाठ:
शिवणीबद्दल, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणाऱ्या रेषेबद्दल, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खरवडून, स्पंजने पुसून सपाट केलेली शिवणसुद्धा भाजल्यावर पुन्हा वर येऊ शकते, पोर्सिलेनमध्ये तर हमखास, कारण तिथे मातीचे कण वेगळ्या दिशेने बसलेले असतात. मी ती लपवणं सोडलं आणि नक्षीची सुरुवातच तिथून करू लागलो. तुमच्या वेलाचं खोड मानेपासून बुडापर्यंत त्याच रेषेवर चढवून बघा.

आणि आकार पुन्हा पुन्हा तोच येतो याची खंत नको. अमेरिकेतल्या हॉवर्ड कॉटलरने (१९३०–१९८९) कारखान्यातल्या तयार प्लेट्स घेतल्या, त्यांवर तयार डिकॅल (भांड्यावर चिकटवायची छापील चित्रं) कापून, फिरवून, नव्याने जुळवून लावली. आकारही त्याचा नाही, मूळ चित्रही त्याचं नाही, तरी ते काम दुसऱ्या कुणाचं वाटत नाही.

निळाई:
खोडाची कल्पना फार आवडली! मातीमित्र, एक शंका आहे. कोबाल्टचा निळा प्लास्टरमध्ये राहून पुढच्या पांढऱ्या बाटलीवर उतरणार नाही का?

मातीमित्र:
थोडा उतरतो. मधे एकदा पातळ थर ओतून काढून टाका, उरलेला रंग त्यातच निघून येतो. ती माती पांढऱ्या स्लिपच्या बादलीत परत घालू नका, वेगळी ठेवा. रंगीत काम वाढलं की त्याच मॉडेलवरून दुसरा साचा काढा, पांढऱ्यासाठी पहिला राहील.