फाउंड्रीच्या वेबसाइटवर कास्टिंग गरगर फिरायलाच हवं का?

शिरोलीकर:
मंडळी, घरातलं भांडण इथे आणतोय. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंगं (ओतीव भाग) करतो, अर्ध्या किलोपासून साठ किलोपर्यंत. वेबसाइट जुनी, तीन पानांची, त्यातलं एक कायमचं 'अंडर कन्स्ट्रक्शन'. आता नवी करतोय. डिझायनरने नमुना दाखवला. उघडताच काळ्या पडद्यावर लोगो वितळतो आणि पुन्हा घडतो. मग मागे भट्टीचा व्हिडिओ. खाली सरकवलं की पंपाची बॉडी गरगरते, आणि 'महिना ४०० टन' हा आकडा शून्यापासून धावत सुटतो.

वडील जाम खूश. "शेजारच्या शेडवाल्याचं काय हलतंय का बघ, आणि आपलं बघ!" माझं मत, आपलं गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-अहमदाबादचे परचेसवाले. त्यांना ही जत्रा कशाला? तुम्ही सांगा.

जुना_मोडेम:
नका करू. मी २००२ च्या सुमारास हेच विकून पोट भरत होतो. तेव्हा फ्लॅश होतं, साइटवर ॲनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक 'इंट्रो पाहिजे' म्हणतच दारात यायचं, आणि त्याच इंट्रोच्या कोपऱ्यात 'स्किप इंट्रो' चं बटण आम्ही इमानेइतबारे बसवायचो. म्हणजे जे वगळावं लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं, त्याचं बिल आधी फाटायचं.

बू डॉट कॉम आठवतं का कुणाला? लंडनची कपडे विकणारी साइट, नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. मिस बू नावाची ॲनिमेटेड बाई खरेदीला मदत करायची, कपडा सगळ्या बाजूंनी फिरवून बघता यायचा. लोकांकडे होते डायल-अप मोडेम. पान उघडेपर्यंत चहा व्हायचा. मे २००० मध्ये कंपनी बुडाली. फ्लॅशचं पुढे काय झालं तेही माहीतच आहे. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर त्याला दार बंदच ठेवलं, ३१ डिसेंबर २०२० ला ते बनवणाऱ्या ॲडोबीनेच आधार काढून घेतला. माझी उमेदीच्या वर्षांतली कामं आज उघडतच नाहीत.

रंगारी:
मी डिझायनर आहे (शिरोलीकरांचा नव्हे, आधीच सांगतो). मोडेमकाका, हे साप म्हणून भुई धोपटणं झालं. बू डॉट कॉमने एकाच वेळी डझनाहून जास्त देशांत दुकान मांडलं आणि पैसा पाण्यासारखा ओतला. ती फक्त त्या बाईमुळे बुडाली म्हणणं बरं नाही. फ्लॅशला वेगळं प्लगइन लागायचं, आज ते काम ब्राउझर स्वतः करतो. एअरबीएनबीने २०१७ मध्ये लॉटी हे ॲनिमेशनचं साधन आणलं, त्यात छोटं ॲनिमेशन काही केबींत बसतं. तंत्र बदललं, तक्रार मात्र तीच चालू आहे.

आणि शिरोलीकर, तुमच्या वडिलांना कळतंय ते तुम्हाला कळत नाहीये. दहा फाउंड्र्यांच्या साइट एकसारख्या दिसतात, तोच निळा पट्टा आणि तेच हात मिळवणारे दोन गोरे. त्यात वितळलेलं लोखंड दिसलं तर माणूस थांबतो.

खरेदीखातं:
मी तो परचेसवाला. व्हॉल्व्ह कंपनीत अठरा वर्षं झाली. नवा व्हेंडर शोधताना वीस-पंचवीस साइट एकापाठोपाठ उघडतो. मला हवं असतं ते सांगतो. ग्रेड कोणते, म्हणजे साधं बीड एफजी २६० करता की चिवट बीड एसजी ४००/१५ सुद्धा. जास्तीत जास्त वजन किती. मोल्डिंग, म्हणजे साचे, हाताने की मशीनवर. धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रो स्वतःचा की बाहेरून टेस्टिंग. आयएसओच्या सर्टिफिकेटवरची मुदत. हे एका तक्त्यात दिलं की काम झालं.

पळणाऱ्या आकड्यांचा किस्सा ऐका. साहेबांना पाठवायला एका साइटचा स्क्रीनशॉट काढला, तर क्षमता आली महिना ३७ टन. आकडा अजून पळत होता. साहेब म्हणाले, एवढ्याशा शेडला ऑर्डर कशी द्यायची?

पण रंगारींचं एक खरं. ओतकामाचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघतो. लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) धरणाऱ्याच्या पायात बूट आहेत का, डोळ्यांवर चष्मा आहे का, ओतताना धार तुटते का, मागे स्क्रॅप वेगवेगळं रचलंय की एकच ढीग आहे. सर्टिफिकेटात यातलं काही दिसत नाही.

रंगारी:
बघा! म्हणजे हलतं चित्र तुम्हालाही लागतंच.

खरेदीखातं:
लागतं. मी बटण दाबेन तेव्हा. दार उघडल्या उघडल्या अंगावर नको.

सावकाश_चला:
एक बाजू राहिली. मला दोन वर्षांपासून व्हर्टिगोचा, म्हणजे चक्कर येण्याचा, त्रास आहे. पान सरकवताना पुढचं एका वेगाने आणि मागचं दुसऱ्या वेगाने गेलं की मला टेबल धरावं लागतं. हे नखरे नाहीत. २०१३ मध्ये आयफोनवर आयओएस ७ आलं तेव्हा त्यातल्या झूम होणाऱ्या ॲनिमेशनने लोकांना मळमळायला लागलं, आणि ॲपलला हालचाल कमी करण्याची सोय वाढवावी लागली. आता ती फोनमध्ये आणि विंडोजमध्येही असते, आणि साइटला ती ओळखता येते. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक नियम आहेत त्यांत तर स्पष्ट आहे की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं काही असेल तर ते थांबवता आलं पाहिजे, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलं दवाखान्यात गेली होती.

रंगारी:
मान्य. पण एवढ्याशा फाउंड्रीच्या बजेटात हे सगळं?

सावकाश_चला:
साइटचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएस कोडच्या चार-पाच ओळी लागतात. तुम्ही डिझायनर आहात, मला का विचारताय?

गणित_कच्चं:
शिरोलीकर, तो भट्टीचा व्हिडिओ किती एमबीचा?

शिरोलीकर:
१२ एमबी. आत्ता विचारून घेतलं.

गणित_कच्चं:
कारखान्याच्या पत्र्याखाली मोबाइलला ४ एमबीपीएस मिळालं असं धरू. एका एमबीत आठ मेगाबिट, म्हणून बारा आठे शहाण्णव, भागिले चार. चोवीस सेकंद. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा. आणि वितळणाऱ्या लोगोचा वेळ यात धरलेलाच नाही.

रंगारी:
व्हिडिओ कोण असा सरळ टाकतं? आधी एक स्थिर फोटो दिसतो, मजकूर वाचता येतो, व्हिडिओ मागाहून येतो. आवाज बंद, वीस सेकंद, नीट दाबून २-३ एमबी. आवाजासकट आपोआप चालणारे व्हिडिओ क्रोमने २०१८ पासून अडवलेच आहेत. लोगोचं वितळणं मात्र मीही काढेन. ते गिऱ्हाइकासाठी नसतं, आम्ही ते एकमेकांना दाखवायला करतो.

जुना_मोडेम:
वीस वर्षांनी का होईना, 'स्किप' दाबलंत.

खरेदीखातं:
एक सांगायचं राहिलं. ती फिरणारी पंप बॉडी कुणाच्या ड्रॉइंगची आहे? गिऱ्हाइकाचा पार्ट असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. आमचा पार्ट एका साइटवर असाच फिरताना दिसला होता. तो व्हेंडर आता आमच्याकडे नाही.

शिरोलीकर:
बाप रे. ती अहमदाबादच्या गिऱ्हाइकाचीच आहे. आजच उतरवतो.

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. तक्ता पहिल्या पानावर, आकडे जागेवर उभे, व्हिडिओ प्रोसेसच्या पानावर आणि बटण दाबल्यावरच. फिरणाऱ्या बॉडीवर अडले होते, परवानगीचं ऐकून गप्प झाले. लोगोवर अजून अडलेत. तो आमच्या पहिल्या पॅटर्नमेकरने (साच्यासाठी नमुने घडवणारा) लाकडात कोरलेला आहे, 'निदान एकदा तरी हलू दे' म्हणतात. एकदा, एक सेकंद, असं ठरेलसं दिसतंय. पुढच्या आठवड्यात ओतकामाचं शूटिंग आहे. त्यासाठी त्यांनी शेड रंगवायला काढलीय.

खरेदीखातं:
रंगवू नका हो. बुटांचे नवे जोड आणा.