मदत हवी आहे: बंगल्यामागच्या उकिरड्यातल्या जुन्या बाटल्या. पुढे खणू की थांबू?

लालमाती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी माथेरानची. पणजोबा, आजोबा आणि आता बाबा, तिन्ही पिढ्या एकाच बंगल्यावर माळी. आमच्याकडे माळी म्हणजे झाडांना पाणी घालणारा नुसता नव्हे, बंगल्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो. बंगला कुणा साहेबाने बांधला, पुढे मुंबईच्या एका कुटुंबाने घेतला. मालक मंडळी आता वर्षातून चार दिवस येतात. मागे वेगळं स्वयंपाकघर, त्याच्या मागे नोकरांच्या खोल्या आणि त्यांच्या मागे उतार. घंटागाडी यायच्या आधी शंभरेक वर्षं बंगल्यातलं जे जे नको झालं ते त्या उतारावरून खाली गेलं. टाकणारे आमच्याच घरातले.

गेल्या आषाढात जांभळाच्या मुळाशी दरड उतरली. लाल मातीत हातभर जाडीचा राखाडी पट्टा उघडा पडला. चुलीची राख, कोळसा आणि त्यात काच चमकत होती. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि भाचा खुरपं घेऊन बसलो आणि खरं सांगते, वेडच लागलं. दुपारी जेवायला हाका मारल्या तरी उठवेना.

आतापर्यंत निघालेलं असं: गोटी सोड्याच्या सात बाटल्या, सातही मानेत फुटलेल्या. बूड गोल असलेली एक जाड बाटली, टेबलावर उभीच राहत नाही, अंड्यासारखी लोळते. ही अख्खी आहे. मातकट पिवळ्या चिनीमातीच्या दोन बाटल्या, वर तपकिरी, खाली फिकट. निळ्या चित्रांच्या पांढऱ्या बशांचे ढीगभर तुकडे, पूल, झाड आणि दोन पाखरं असलेले. विडीएवढी जाड पांढरी मातीची नळी, बोटभर लांब, आरपार भोक. तांब्याचा पाव आणा, १८८९ चा, राणीच्या चेहऱ्याचा.

एक पांढरं झाकण आहे, डबीचं असावं. त्यावर काळ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलंय, सुपारीची टूथपेस्ट, लंडन. म्हणजे आमच्या पणजीला मिश्री लावते म्हणून हसणारी मडम स्वतः सुपारीने दात घासत होती की काय?

आणि एक गडद निळी सहा कोनी बाटली. तीन बाजूंना उभ्या खाचा, बोट फिरवलं की खरखरतात. अंगावर ‘नॉट टु बी टेकन’. भाचा म्हणतो, कुणी पळवू नये म्हणून लिहिलंय. बूच अजून घट्ट आहे आणि हलवलं की आत काहीतरी डुचमळतं. उघडून बघू का?

आता माझ्या चुका. सोनेरी काठाचा एक कप मी काथ्या आणि राखेने घासला, काठ गेला. एका बाटलीवर इंद्रधनुष्यासारखा रंग होता, तो घाण समजून भाच्याने संडास साफ करायच्या ॲसिडने काढला. खाली निस्तेज, खडबडीत काच राहिली. शिवाय सगळं एकाच घमेल्यात टाकत गेलो, कुठलं वरचं आणि कुठलं खालचं ते आता सांगता येणार नाही.

मुंबईहून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन गेला. अख्ख्या बाटलीला पाचशे देतो म्हणाला, झाकणाला दोन हजार. बाबा म्हणतात देऊन टाक, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, आपल्या उकिरड्याची फिटली. मला मात्र द्यावंसं वाटत नाही. का ते धड सांगताही येत नाही.

अजून अर्ध्याहून जास्त पट्टा तसाच आहे. मृगापर्यंत उरलेलं काढून घेऊ, की हात लावू नको? कायद्यात अडकेन का? आणि हे नेमकं कोणत्या काळातलं?

बाटलीबाबा

ताई, आधी ती निळी बाटली खाली ठेवा. उघडू नका, वास घेऊ नका. ‘नॉट टु बी टेकन’ म्हणजे पोटात घ्यायचं नाही. विषाची बाटली आहे. रात्री दिव्याच्या उजेडात औषध समजून कुणी भलतीच बाटली तोंडाला लावू नये, म्हणून खाचा. अंधारात बोटांना कळावं एवढ्यासाठी. भाच्याला सांगा, पळवायला कुणी येणार नव्हतं.

बाकीचं सावकाश. लोळणारी बाटली मुद्दामच तशी आहे. ती आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, आकसत नाही आणि सोड्याचा वायू निसटत नाही. गोटीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७० च्या सुमाराची युक्ती. ती उलटी धरून भरायची, वायूच्या दाबाने गोटी मानेतल्या रबरी कड्याला घट्ट बसते, बूच लागतच नाही.

तुमच्या सातही बाटल्या मानेत का फुटल्या, हे दरडीला विचारू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. रिकामी बाटली सोडावाल्याकडे परत जायची, उकिरड्यावर यायचीच नाही. आली असेल तर पोरांनी गोटीसाठी फोडलेलीच येते. सात बाटल्यांत एक तरी गोटी सापडली का?

काळ ओळखायची सोपी खूण: बाटलीच्या कडेची साच्याची शीर बघा. ती थेट ओठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे बहुधा १९०३ नंतरची. मानेखाली विरली असेल तर ओठ हाताने लावलेला, बहुतेक त्याआधीची. बशीच्या बुडाशी पत्त्यांतल्या चौकटसारखा नक्षीच्या नोंदणीचा शिक्का असेल तर १८४२ ते १८८३. ‘आर डी नंबर’ (नोंदणी क्रमांक) आणि आकडा असेल तर १८८४ पासून पुढे. नुसतं ‘इंग्लंड’ छापलेलं बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

व्हर्जिनियाचा_वऱ्हाडी

इथे अमेरिकेत असलं खणणाऱ्यांचा मोठा पंथ आहे. जुन्या घरांचे संडासाचे खड्डे शोधतात, कारण वसाहतीच्या काळात घरातलं फुटकंतुटकं सगळं तिकडेच जायचं. तुमची पांढरी नळी म्हणजे मातीच्या चिलमीचा दांडा, साहेबी पाइप. जेम्सटाउनला, म्हणजे इंग्रजांच्या इथल्या जुन्या वसाहतीत, खोदकाम केलेल्या हॅरिंग्टनने १९५४ साली दाखवून दिलं की अशा दांड्यांची भोकं काळाबरोबर बारीक होत गेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले नऊ, अठराव्याच्या उत्तरार्धात चार. लोक ड्रिलची पाती घालून मोजतात. पण त्यासाठी दांडे ढिगाने लागतात, आणि एकोणिसाव्या शतकाला हे गणित चालत नाही. माथेरानला तर नाहीच नाही. तिथे साहेब पोचला १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर मॅलेट. म्हणजे पात्यावर पैसे घालवू नका.

कोर्टाची_पायरी

सर्वसाधारण माहिती देतो, याला सल्ला समजू नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

जमीन कुणाची? बंगल्याच्या हद्दीत असेल तर मालकांची लेखी संमती घ्या, तोंडी नको. उतार वनखात्याच्या हद्दीत जात असेल तर तिथे खुरपंसुद्धा लावू नका. राखीव वनात खणणं १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. दरडीखालची हद्द नजरेने ठरवू नका, मोजणीचा नकाशा काढा.

दुसरं, १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. टाकून दिलेला कचरा ‘दडलेला’ म्हणायचा का यावर वाद होऊ शकेल, पण तो वाद स्वतःच्या अंगावर कशाला घ्या? एक अर्ज, फोटो, जागा, तारीख, विषय संपला.

तिसरं, १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. परवान्याशिवाय तिचा व्यापार चालत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्या व्यापाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. चहा अर्धा टाकून उठेल.

चाळणवाला

मी पुरातत्त्व शिकलोय, पोट मात्र दुसऱ्याच धंद्यावर भरतो. थोडं टोचेल असं लिहितो, राग मानू नका.

बाटल्या जगभर आहेत. तुमच्याकडे एकमेव आहे तो पट्टा. त्यात खालचं आधीचं, वरचं नंतरचं, आणि एका थरातली सगळ्यात नवी वस्तू सांगते की तो थर त्याआधी पडलेला नाही. तुमचा पाव आणा कुठल्या थरात होता हे माहीत असतं तर त्याच्या वरचं सगळं १८८९ नंतर टाकलेलं, असं छातीठोक म्हणता आलं असतं. घमेल्यात गेल्यावर तो नुसता पाव आणा. झालं ते झालं. उरलेलं सुट्टीत उरकायचं काम नाही.

आणखी एक. दरडीला खालून पोखरू नका. बसल्या बसल्या वरचं अंगावर येतं, माथेरानची माती पावसानंतर तर भरवशाची नाहीच. धनुर्वाताचं इंजेक्शन, जाड हातमोजे, गमबूट हवेत. दगड हाताने उलटू नका, फुरसं त्याखालीच असतं.

इंद्रधनुष्य म्हणजे घाण नव्हती. ती काचेचीच कात होती, जमिनीतल्या ओलीने सुटलेली. ॲसिड कायमचं बंद. काच आणि चकाकीची चिनीमाती साध्या पाण्यात, मऊ ब्रशने. पापुद्रे सुटत असतील तर तेही नको. लोखंडाला पाणी लावू नका.

आता माझा प्रश्न. तुमच्या यादीत सगळं साहेबाचं आहे. त्याच उतारावर नोकरांच्या खोल्यांचा कचरा पण जात होता ना? मग तुमच्या लोकांचं काहीच कसं निघालं नाही?

लालमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी बाटली वाळूच्या डब्यात, कुलपात ठेवलीय. अशा विषारी वस्तू कुठे जमा करायच्या ते नगरपरिषदेत विचारतेय. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मालकीणबाईंना फोन केला. पहिलं उत्तर आलं, “काचच आहे ना गं, भंगारवाल्याला दे.” मग सगळं समजावल्यावर संमतीचा मेसेज पाठवला, हद्दीचा नकाशा शोधते म्हणाल्या. व्यापाऱ्याला परवान्याचं विचारलं. चहा खरंच अर्धा राहिला.

बाटलीबाबा, गोटी एकही नव्हती सापडली. आत्याला विचारलं. ती आत गेली, कुलदैवताच्या फडताळातून पानाचा डबा घेऊन आली. त्यात अकरा हिरवट गोट्या, बारीक बुडबुड्यांच्या. तिच्या आजोबांच्या. “बंगल्याच्या मागे बसून फोडायचे, साहेब पुढच्या व्हरांड्यात असायचा,” म्हणाली.

चाळणवाला दादा, तुमच्या प्रश्नाने मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. निघालं होतं. बांगड्यांचे तुकडे, हिरवे, लाल, काही पिवळ्या रेघेचे. एक फुटका वरवंटा. तळाला काजळी धरलेली मातीच्या मडक्याची खापरं. ते मी चाळून बाजूला फेकत होते. आपलंच तर आहे, त्यात काय बघायचं, असं वाटलं. भाच्याने ते घमेलं केळीच्या बुडात रिकामं केलं होतं.

काल बाबांची वाळू चाळायची चाळण घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत बांगड्यांचे त्रेचाळीस तुकडे परत मिळाले. वरवंट्याचा एक भाग मिळाला, दुसरा नाही. बाबा आधी हसत होते, मग स्वतःच केळीची माती सैल करून द्यायला लागले.

उरलेल्या पट्ट्यावर ताडपत्री टाकून वर दगड ठेवलेत. पावसाचं पाणी बाजूला जावं म्हणून वरच्या अंगाला चर काढलाय, पट्ट्यापासून चार हात लांब. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पत्र लिहायचं ठरवलंय, कुणी विद्यार्थी येऊन नीट मोजून बघतील का ते विचारायला. मसुदा इथे टाकला तर कुणी तपासून द्याल का?

आणि तोवर एक विचारू? बाटलीची शीर बघून वर्ष कळतं, बशीच्या शिक्क्यावरून कळतं. बांगडीच्या तुकड्यावरून कसं ओळखायचं? त्रेचाळीसमधले सहा इतके लहान घेराचे आहेत की पोरीच्या हातातच बसतील.