मे महिन्याच्या युरोपसाठी आत्ता पूर्ण पैसे भरू नका (मधुराताईंच्या पोस्टला उत्तर)

गोदाकाठचा_अनंत | २३ जानेवारी २०२२, रात्री ९:४०

काल मधुराताईंनी टाकलं की त्यांनी मे महिन्याची पॅरिस-स्वित्झर्लंड टूर ठरवली, ३१ जानेवारीच्या आत पूर्ण पैसे भरले तर माणशी २५ हजार सूट आहे, ओमायक्रॉन म्हणजे साधी सर्दी, आणि "ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसावं, आम्हाला जगू द्या." त्या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय.

ताई, तुम्ही फिरायला जावं की नाही हे सांगणारा मी कोण. पण इथले बरेच जण तुमचं बघून पैसे भरायला निघालेत, त्यांच्यासाठी लिहिणं भाग आहे. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून बंद आहेत ती आजही बंदच आहेत, जी उडतायत ती एअर बबलवाली, म्हणजे दोन देशांनी आपसात खास करार करून चालवलेली. २६ नोव्हेंबरला सरकार म्हणालं १५ डिसेंबरपासून सगळं सुरू, त्याच दिवशी डब्ल्यूएचओने ओमायक्रॉनचं नाव जाहीर केलं आणि १ डिसेंबरला आपला निर्णय मागे. आठवडाही टिकला नाही तो. आता परत २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवलीय बंदी. आणि तुम्ही मे महिन्याचे सगळे पैसे जानेवारीत देताय!

दुसरं, परत येताना निघायच्या आधीच्या ७२ तासांतला निगेटिव्ह आरटीपीसीआर लागतो. घरातला एक जण शेवटच्या दिवशी पॉझिटिव्ह आला तर तो तिकडेच. हॉटेल कोणाच्या खर्चाने? नवीन तिकीट कोण देणार? लहान मूल पॉझिटिव्ह आलं तर आई मागे राहणार, बाकीचे विमानात बसणार?

तिसरं कोणी बोलतच नाहीये. युरोपियन युनियनने त्यांच्या कोविड सर्टिफिकेटची मुदत १ फेब्रुवारीपासून २७० दिवस केलीय, दुसऱ्या डोसपासून मोजायची. आपल्याकडे ४५ च्या वरच्यांना १ एप्रिल २०२१ पासून लस सुरू झाली, त्यातल्या कित्येकांचा दुसरा डोस जून-जुलैचा आहे. हिशोब करा, मेमध्ये त्यांचे २७० दिवस उलटलेले असतील. प्रिकॉशन डोस १० जानेवारीपासून सुरू झालाय पण तो ६० च्या वरच्यांना, तेही आजार असलेल्यांना, आणि आरोग्य कर्मचारी-फ्रंटलाइनवाल्यांना. ५० वर्षांच्या माणसाने पैसे द्यायची तयारी दाखवली तरी तिसरा डोस मिळत नाही. उद्या हाच २७० चा नियम बाहेरून येणाऱ्यांना लावला तर काय करणार?

माझ्या बहिणीने फेब्रुवारी २०२० मध्ये सिंगापूर-मलेशियाचे पूर्ण पैसे भरले होते. मिळाली काय तर एक वर्षाची क्रेडिट नोट. वर्ष संपलं तेव्हा सिंगापूर आपल्या टुरिस्टांसाठी बंदच होतं. दुसऱ्या लाटेनंतर त्या एजंटच्या ऑफिसचं शटरच उघडलं नाही. दोन मुलींच्या क्लासच्या फीचे पैसे होते ते.

मधुरा_कॉलेजरोड | रात्री १०:१५

अनंतदादा, माझं एक वाक्य उचलून एवढा निबंध? मी असं का लिहिलं ते ऐका मग.

एप्रिल २०२१ मध्ये आपल्या नाशिकमध्ये काय चाललं होतं ते विसरलात का? २१ तारखेला ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन एका दिवसात २२ माणसं गेली. आमच्या घरातून माझी मोठी जाऊ गेली त्याच आठवड्यात, बेड शोधता शोधता. तिची एकच इच्छा होती, बर्फ बघायचा. दरवर्षी म्हणायची पुढच्या वर्षी, मुलीची दहावी झाली की, गाडीचे हप्ते संपले की. सासरे आता ७१ चे आहेत, गुडघे कुरकुरतायत. मी त्यांना अजून किती वर्षं "थांबा" म्हणू? जोखीम आहे मला माहितीये, पण न जाण्यातही जोखीम आहे आणि ती कुठल्या फॉर्मवर लिहिलेली नसते.

आणि ७१ चे सासरे प्रिकॉशन डोस घेऊ शकतात, बीपी आहे त्यांना. तुमचा २७० दिवसांचा मुद्दा आमच्या घराला लागूच नाही.

गोदाकाठचा_अनंत | रात्री १०:३१

वहिनींचं वाचून वाईट वाटलं ताई, मनापासून. पण डोसचं म्हणाल तर सासऱ्यांना लागू नाही, तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना आहे. सासरे एकटे जाणार आहेत का पॅरिसला?

ओझरहून_उडू_द्या | रात्री १०:३८

मूळ मुद्दाच सगळे विसरतायत. ओझरला एवढी मोठी धावपट्टी आहे आणि युरोपला जायला नाशिककराने रात्री दोनला उठून कसारा घाट उतरायचा, मुंबईत चार तास बसायचं. मग आजारी पडणार नाही तर काय? आधी ओझरहून दुबई सुरू करा म्हणावं.

टूरवाला_इंदिरानगर | रात्री १०:५२

मी या धंद्यात आहे, अनंतरावांच्या बहिणीचा एजंट मी नाही, पण "शटर उघडलं नाही" वाचून बोलावंच लागतं. लोकांना वाटतं पैसे एजंटच्या तिजोरीत असतात. अहो, तिकिटाचे पैसे एअरलाइनकडे जातात, हॉटेलचे तिकडच्या पार्टीकडे, व्हिसाची फी एम्बसीकडे. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी आत्ता २०२२ ला ८० युरो आहे, व्हिसा मिळो न मिळो परत येत नाही. माझ्या हातात राहतं ते कमिशन. मार्च २०२० ला सगळं थांबलं तेव्हा एअरलाइनने क्रेडिट शेल दिलं, म्हणजे रोख नाही, पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेली रक्कम, आणि माझ्या दारात शिव्या द्यायला लोक उभे. बायकोचे दागिने गहाण टाकून मी काही जणांचे पैसे परत केले, ते कोणी कुठे लिहिलं नाही.

सिडको_सुनील | रात्री ११:०५

दागिन्यांची गोष्ट प्रत्येक एजंट सांगतो. सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला स्पष्ट सांगितलंय की लॉकडाऊनमुळे रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे द्यायचे, एअरलाइनला अडचण असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल, त्यावर व्याज, आणि तोवर वापरलं नाही तर रोख परत. तिकीट एजंटमार्फत काढलं असेल तर पैसे एजंटकडे येणार आणि त्याने लगेच ग्राहकाला द्यायचे. माझ्या केसमध्ये एअरलाइन म्हणते एजंटला दिले, एजंट म्हणतो आलेच नाहीत. कोणावर विश्वास ठेवायचा?

टूरवाला_इंदिरानगर | रात्री ११:१४

एअरलाइनकडून रिफंडची तारीख आणि रेफरन्स लेखी मागा, दोन मिनिटात कळेल खोटं कोण बोलतंय. आणि तो निकाल फक्त विमानाच्या तिकिटाचा आहे. पॅकेजमधलं हॉटेल, बस, जेवण त्यात येत नाही. लोक निकाल अर्धाच वाचतात आणि आमच्या अंगावर येतात.

सिडको_सुनील | रात्री ११:१७

अंगावर येतो कारण पैसे आमचे आहेत! कंपनीत अर्ध्या पगारावर काढले मी ते महिने. तुमचं कमिशन तरी परत केलंत का कोणाला?

टूरवाला_इंदिरानगर | रात्री ११:२०

केलं. नावं सांगू का इथे सगळ्यांची? बोलताना जरा जपून. माझी दोन पोरं होती कामाला, दोघांना घरी बसवावं लागलं.

निफाडकर_द्राक्षवाला | रात्री ११:४१

तुमचं भांडण वाचतोय आणि आमचंच आठवतंय. दरवर्षी व्यापारी येतो, गोड बोलतो, माल उचलतो, थोडे रोख देतो बाकीचा चेक, आणि हंगाम संपला की फोन बंद. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलीस आयजींनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा कुठे काही शेतकऱ्यांना पैसे मिळाले. तिथून शिकलो ते सांगतो, समोरच्याचा चेहरा बघून व्यवहार करायचा नाही, पैसा कधी आणि कशावर हलणार ते कागदावर आणायचं. आमची द्राक्षं रॉटरडॅमला जातात ती पण कागदावरच जातात. टूर काय वेगळी?

बाकी यंदा जानेवारीत पाऊस-गारठ्याने मण्यांची वाट लागलीय, त्यावर कोणी धागा काढत नाही, युरोपवर सगळे जागे.

देवळालीची_विमावाली | २४ जानेवारी, सकाळी ७:२०

रात्रीचं सगळं वाचलं. इन्शुरन्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लोकांना वाटतं ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला की सगळं भरून मिळतं. तिकडे कोविड होऊन ॲडमिट झालात तर बऱ्याच पॉलिसी खर्च देतात. पण ॲडमिट न होता नुसतं हॉटेलच्या खोलीत क्वारंटाइन झालात तर बहुतेक वेळा नाही, त्यासाठी वेगळं कलम लागतं. भीती वाटली म्हणून रद्द केलं, नाही. सरकारने विमानं बंद केली, तेही बऱ्याचदा नाही. व्हिसा नाकारला, सहसा नाही. कोविड आता सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, अचानक आलेलं संकट नाही, कंपनी त्यावरच बोट ठेवते. मधुराताई, सासऱ्यांचं बीपी फॉर्मवर लिहा. लपवलं तर क्लेम गेलाच समजा.

आमच्या ओळखीचं एक जोडपं डिसेंबरमध्ये दुबईला गेलं, नवरा परतीच्या टेस्टला पॉझिटिव्ह. लक्षण एकही नाही. हॉटेलचं बिल टूरच्या निम्म्याएवढं झालं आणि पॉलिसीतून शून्य रुपये, कारण ॲडमिट नव्हता.

मधुरा_कॉलेजरोड | सकाळी ८:०२

हे मात्र मला आमच्या टूरवाल्यांनी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले "इन्शुरन्स इन्क्लुडेड आहे" बस. पण दादा, एक विचारते. मालदीवने जुलै २०२० मध्ये दारं उघडली, लोक गेले, मजा करून आले. ते सगळे मूर्ख होते का?

गोदाकाठचा_अनंत | सकाळी ८:२५

मूर्ख कोणी नाही म्हटलं. पण त्याच मालदीवने १३ मे २०२१ पासून आपल्या टुरिस्टांना बंदी केली होती, दोन महिने. मे महिना! ज्यांनी सुट्टीसाठी बुक केलं होतं ते लटकले. एप्रिलच्या शेवटी दुबईची विमानं बंद झाली, ब्रिटनने २३ एप्रिलपासून आपल्याला रेड लिस्टमध्ये टाकलं. ऑक्टोबरमध्ये तर दोन्ही डोस घेतलेल्यालाही ब्रिटनमध्ये १० दिवस क्वारंटाइन होतं, कोव्हिशील्ड मान्य पण आपलं सर्टिफिकेट अमान्य, आपण पण त्यांच्या लोकांना तोच नियम लावल्यावर ११ तारखेपासून सुटलं. यात टुरिस्टाची चूक शून्य आणि खर्च मात्र त्याचाच.

ओझरहून_उडू_द्या | सकाळी ८:३३

आणि टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच घेतला जाणारा आयकर? ऑक्टोबर २०२० पासून परदेशी पॅकेजवर ५ टक्के टीसीएस आधीच कापतात. टूर रद्द झाली तर ते पैसे रिटर्न भरल्यावर मिळणार, म्हणजे पुढच्या वर्षी. यावर बोला.

टूरवाला_इंदिरानगर | सकाळी ९:१०

हे खरंय, टीसीएसची पावती सांभाळा, आयकर खात्याच्या २६एएस फॉर्ममध्ये दिसतंय का बघा.

आणि अनंतरावांशी माझं काही बाबतीत पटत नाही, पण पूर्ण पैसे जानेवारीत घेऊ नयेत हे मलाही मान्य आहे. मी स्वतः यंदा टोकन घेतोय, बाकी व्हिसा लागल्यावर. जो ३१ तारखेची घाई करतोय त्याला आत्ता रोख हवीय, कदाचित जुनी देणी भागवायला. धंद्यातला माणूस म्हणून हे लिहायला जड जातंय. मधुराताई, त्यांना चार ओळी ईमेलवर मागा: सरकारने विमानं बंद केली तर किती परत, किती दिवसांत, रोख की क्रेडिट नोट, आणि क्रेडिट नोट असेल तर मुदत संपल्यावर काय. उत्तर टाळलं तर समजून जा.

सिडको_सुनील | सकाळी ९:२२

काल हे आधी लिहिलं असतंत तर एवढं झालंच नसतं. ठीक आहे, तुमच्याबद्दलचं मागे घेतो. माझ्या एजंटबद्दलचं नाही.

मधुरा_कॉलेजरोड | दुपारी १:४५

फोन केला. आधी म्हणाले सगळे असंच भरतात मॅडम. ईमेल मागितला तर तासभर गायब. मग आला: टोकन चालेल, पण सूट २५ ऐवजी १० हजार. विमानं बंद झाली तर व्हिसा फी कापून बाकीचं ६० दिवसांत खात्यात.

टोकन भरते आहे. पूर्ण नाही. आणि अनंतदादा, टूर रद्द केलेली नाही, सासऱ्यांना मेमध्ये बर्फ दाखवणारच आहे मी. "घरी बसा" लिहायला नको होतं एवढं मान्य, बाकी माझं मत तेच आहे.

गोदाकाठचा_अनंत | दुपारी २:०५

६० दिवस जास्त आहेत, ३० मागून बघा. बाकी चालेल. माणशी १५ हजार गेले म्हणून हळहळू नका.

देवळालीची_विमावाली | दुपारी २:३०

पॉलिसीची पूर्ण प्रत पण मागवा, नुसतं सर्टिफिकेट नको.

सिडको_सुनील | दुपारी ३:१२

अनंतराव, तुमच्या बहिणीने ग्राहक आयोगात टाकलं का? मी टाकतोय. २०१९ चा नवीन कायदा आलाय जुलै २०२० पासून, आपण राहतो तिथेच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला असलं तरी. ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षांची असते, पण सुप्रीम कोर्टाने याच महिन्यात सांगितलंय की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ त्यात धरायचा नाही.

गोदाकाठचा_अनंत | दुपारी ३:४०

नाही टाकलं, ती म्हणते शटरच बंद तर नोटीस कोणाला द्यायची. मालकाच्या घरचा पत्ता आहे आमच्याकडे. क्रेडिट नोट, बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज एवढं आहे, पावती नाही. एवढ्यावर होईल का?

सिडको_सुनील | दुपारी ३:५१

माझ्याकडे पण एवढंच आहे. क्रेडिट नोटवर सही-शिक्का आहे ना? मग संध्याकाळी फोन करा, दोघांचं एकाच वकिलाला दाखवू.