भिंतीवर ३५३ची पाटी आहे, मग सात दिवसांची कुठे आहे?

बिनचष्मा (धागाकर्ता):
वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी चार महिन्यांत अकरा वेळा एका कार्यालयात गेलो. साहेब कधी मिटिंगला, कधी व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्स), कधी "आत्ताच बाहेर पडले". तेवढ्यात भिंत मात्र पाठ झाली. 'शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३', लाल अक्षरांत. ते कलम दंड संहितेबरोबर १ जुलै २०२४ला गेलं, न्याय संहितेत आता १३२ आहे. पाटी जागची हललेली नाही. शिवाय ते कलम हल्ला आणि बळाच्या वापराबद्दल आहे. "माझ्या अर्जाचं काय झालं?" हे चढ्या आवाजात विचारलं तरी त्यात बसत नाही.

बदल्या आणि दिरंगाईचा २००५चा कायदा म्हणतो की नेहमीची फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा तर कोणती सेवा, किती दिवसांत, अपील कोणाकडे, हे फलकावर लावायला सांगतो. तो फलक शोधला. सापडला, कपाटामागे. आम्हाला दटावणारा कायदा दर्शनी आणि त्यांना बांधणारा कपाटाआड, मग लोकांनी आदर आणायचा कुठून?

जुना कारकून:
निवृत्त आहे, म्हणून मोकळं बोलतो. ती पाटी हौसेनं लागलेली नाही. वाळूचा ट्रॅक्टर अडवला म्हणून तलाठ्याच्या अंगावर गाडी घालण्यापर्यंत लोकांची मजल गेली आहे. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. खुर्ची तीच.) मारहाणी वाढल्या म्हणूनच २०१८मध्ये राज्यानं शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली होती, नव्या संहितेत ती परत दोनवर आली. एका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा (एका तलाठ्याकडच्या गावांचा गट म्हणजे सजा) भार, वर मतदारयाद्या, पंचनामे, सर्वेक्षणं. आणि फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलायला, हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस कायद्यानंच आहे, आम्ही खिशातून काढलेली नाही.

बिनचष्मा:
पंधरा दिवस मान्य. उरलेले साडेतीन महिने कुणाच्या खिशातले?

उंबरठा:
धाग्याशी असहमत. सगळे सरकारी कर्मचारी हरामखोर म्हणणाऱ्यांच्याच घरी मुलीला स्थळ बघताना पहिला प्रश्न असतो, "सरकारी आहे ना?" पगार विचारून झाला की 'वरचं' किती, तेही आडून विचारतात. दाखला दोन दिवस आधी हवा म्हणून पाकीट पुढे करणारे आपणच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका.

बिनचष्मा:
पाकीट देणारा आणि अकरा हेलपाटे मारणारा एकाच रांगेत उभे करू नका. दुसऱ्यानं पाकीट दिलं नाही म्हणूनच हेलपाटे झाले असतील, ही शक्यता तुमच्या गणितात दिसत नाही.

कोरा कागद:
दोघंही वरवर भांडताय. मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्याच फाइली बघणाऱ्या शाखेत, काम केलंय, तिथली गोष्ट सांगतो. लाचेत सापडला, निलंबित झाला, पेपरात फोटो आला की लोक खूश. पण निलंबन ही शिक्षा नव्हेच. चौकशी होईपर्यंत बाजूला बसवणं, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला साधारण अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. चौकशी कर्मचाऱ्याच्या दोषाशिवाय रेंगाळली तर तीन महिन्यांनंतर तो पाऊण पगारापर्यंत जाऊ शकतो. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे ताणू नये. न्यायालयाचं बरोबरच आहे, निर्दोष माणूस वर्षानुवर्षं लटकू नये.

आता दोषारोपपत्र कुणी तयार करायचं? त्याच खात्यानं. फाइल कोणत्या टेबलावर अडकते? धागाकर्त्याची अडकली तसल्याच. एक कागद कमी, चौकशी अधिकाऱ्याची बदली, साक्षीदार निवृत्त. वारसाला रडवणारी दिरंगाईच लाचखोराला पुन्हा खुर्चीवर आणून बसवते. आणि शेजारच्या टेबलावर इमानेइतबारे काम करणारी बाई त्याच्या वाटणीचंही काम करते, वर लोकांच्या शिव्या खाते. तिच्याबद्दल या धाग्यावर अजून एक ओळ आलेली नाही.

उंबरठा:
शेवटच्या दोन वाक्यांना +१. बाकी मत कायम.

जुना कारकून:
कोरा कागद, आस्थापना शाखेला एवढं झोडपू नका, मीही तिथलाच. पण खोटं नाही म्हणवत. बिनचष्मा, भांडणं पुरे, अपील टाका. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. फक्त तुमचं काम अधिसूचित सेवांच्या यादीत आहे का आणि प्रथम अपील अधिकारी कोण, हे आधी फलकावर बघून घ्या.

बिनचष्मा:
काका, फलक कपाटामागे आहे. परवा बाराव्यांदा जातोय, कपाट सरकवायला तुम्ही येता का? एकट्यानं हलवलं तर ३५३ लावतील.