दुसऱ्या अल्बममध्ये फक्त वेग वाढला?

‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) म्हणजे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडच्या पहिल्याच अल्बमची आणखी वेगवान आवृत्ती, हे मत मला अजिबात पटलं नाही. वेग तर १९७१ सालच्या त्या पहिल्या अल्बममध्येही होता. बदलला तो नाद. कीबोर्डवादक यान हॅमर इथे मिनीमूग हा सिंथेसायझर घेऊन आलाय, आणि त्यावरचं सूर वर-खाली सरकवणारं चाक, म्हणजे पिच व्हील, फिरवत सूर असा काही खेचतो की कितीतरी दिवस मी त्याच्या जागा बँडचा गिटारवादक मॅकलॉफलिनच्या गिटारच्याच समजत होतो! ‘वन वर्ड’ या रचनेतला गिटार, व्हायोलिन आणि मूग यांचा सवाल-जवाब हेडफोन लावून ऐका, तुकडे आखूड होत होत तिघं एकमेकांत मिसळून जातात.

आणि याच अल्बममधलं ‘थाउजंड आयलंड पार्क’? तिथे ड्रम्स नाहीतच. अकूस्टिक गिटार, पियानो, बास, बस्स.